आयडी बरोबर आहे म्हणजे नेमके काय?

एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर ऑर्डर उघडली की पत्त्याच्या शेवटी तिचा आयडी दिसतो. त्यातले शेवटचे अक्षर खोडून एंटर दाबले तर सर्व्हरने काय उत्तर द्यावे? व्यवहारात चार उत्तरे मिळतात. काही सर्व्हर ४०० देतात : विनंतीच चुकीची आहे. काही ४०४ देतात : अशी ऑर्डर नाही. काही ५०० देतात, कारण तुटका आयडी कोणी न अडवता डेटाबेसपर्यंत गेलेला असतो आणि तिथून आलेली चूक कोणी झेललेली नसते. आणि आयडी साधा पूर्णांक असेल तर १०४५२ मधला शेवटचा २ गेल्यावर १०४५ उरतो, आणि काही सर्व्हर बिनदिक्कत तिसऱ्याच कोणाची तरी ऑर्डर दाखवतात.

सर्व्हरवर येणारा आयडी तपासण्यासाठी आता बहुतेक ठिकाणी स्कीमा लायब्ररी, म्हणजे डेटा कसा असावा याचे नियम लिहून तो त्यांच्याशी ताडणारी लायब्ररी, वापरली जाते. जावास्क्रिप्टच्या जगात जॉय, एजेव्ही, झॉड; पायथनमध्ये पायडँटिक. आयडी तपासावा की नाही याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो काय तपासावे, किती कडक तपासावे आणि त्या तपासणीतून काय सिद्ध झाले असे मानावे, याबद्दल. या प्रश्नांचा आढावा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. स्कीमा आयडीचा आकार सिद्ध करते. त्या आयडीची नोंद अस्तित्वात आहे का आणि मागणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे का, हे प्रश्न वेगळे आहेत. बहुतेक घोटाळे हे तीन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे होतात.

आयडींचे प्रकार

सर्वांत जुना आणि साधा प्रकार म्हणजे क्रमाने वाढणारा पूर्णांक. पोस्टग्रेसमधला नेहमीचा इंटिजर चार बाइटचा, म्हणजे त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. 'धन पूर्णांक हवा' एवढीच अट घालणारी स्कीमा तीन अब्ज हा आकडा आनंदाने पास करते आणि डेटाबेस मात्र 'मर्यादेबाहेर' म्हणून चूक फेकतो. वरची मर्यादाही स्कीमात लिहिली पाहिजे, हे इथेच कळते.

आठ बाइटच्या बिगइंटला जावास्क्रिप्टमध्ये निराळीच अडचण येते. तिथला नेहमीचा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने अचूक धरतो. त्यापुढे शेवटचे आकडे गुपचूप बदलतात. ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक पद्धतीचे ६४ बिटांचे आयडी आणले, तेव्हा ब्राउझरांना ते अचूक वाचता यावेत म्हणून आकड्याच्या जोडीला तोच आयडी स्ट्रिंग म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. नोड-पोस्टग्रेस हा ड्रायव्हर बिगइंटचा स्तंभ मुळातच स्ट्रिंग म्हणून परत देतो, तेही याच कारणाने. असा आयडी स्कीमात नंबर म्हणून घेणे म्हणजे चुकीला दार उघडे ठेवणे.

दुसरा मोठा प्रकार यूयूआयडी. १२८ बिट, लिहिताना ३६ अक्षरे, त्यात चार संयोगचिन्हे. २००५ च्या आरएफसी ४१२२ ने त्याचे नियम ठरवले. मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने तिची जागा घेतली आणि सहावी, सातवी, आठवी आवृत्ती जोडली. चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यादृच्छिक असतात. सातवीत सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ दाखवतात, त्यामुळे नव्या नोंदी इंडेक्समध्ये शेजारी शेजारी बसतात. याच सोयीसाठी अनेक संघ चौथीकडून सातवीकडे वळत आहेत.

तिसरा मोंगोडीबीचा ऑब्जेक्टआयडी : बारा बाइट, लिहिताना २४ हेक्साडेसिमल अक्षरे. पहिले चार बाइट सेकंदांतली वेळ, पुढचे पाच प्रोसेसगणिक ठरणारा यादृच्छिक भाग, शेवटचे तीन वाढता गणक. यांशिवाय २६ अक्षरी यूएलआयडी, २१ अक्षरी नॅनोआयडी आणि स्ट्राइपने लोकप्रिय केलेले, पुढे प्रकाराचा उपसर्ग लावलेले आयडीही सर्रास दिसतात.

या सगळ्यांत एक उणीव समान आहे : आयडी स्वतःबद्दल फार थोडे सांगतो. याउलट आधार क्रमांकाच्या बारा आकड्यांपैकी शेवटचा आकडा व्हरहॉफ पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे टंकताना एक आकडा चुकला तरी तो तिथल्या तिथे कळतो. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची आणि शेवटचे अक्षर तपासणीचे. माणसे हे क्रमांक हाताने लिहितात म्हणून ही सोय केलेली आहे. डेटाबेसचे आयडी यंत्रेच यंत्रांना देतात, त्यांत अशी तपासणीची खूण नसते. ऑब्जेक्टआयडीचे एक अक्षर बदलले तर उरतो तो दुसरा, तितकाच सुबक ऑब्जेक्टआयडी. स्कीमाने कितीही बारकाईने पाहिले तरी तिला यापलीकडे काही कळू शकत नाही.

ऑब्जेक्टआयडीने शिकवलेले धडे

आयडीच्या तपासणीवर सर्वांत जास्त चर्चा झाली ती मोंगोडीबी आणि तिच्यासाठीची नोड लायब्ररी मोंगूस वापरणाऱ्यांत. तुटका आयडी मोंगूसला दिला की तो 'कास्ट एरर' फेकतो. हा अपवाद कोणी झेलला नाही तर ग्राहकाला ५०० दिसतो आणि लॉगमध्ये विनाकारण धोक्याची घंटा वाजते. म्हणून 'आधी इझव्हॅलिड या फंक्शनने तपासा' हा सल्ला रूढ झाला. त्या फंक्शनची अडचण अशी की ते विचारते 'यापासून ऑब्जेक्टआयडी तयार करता येईल का?' ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांत बारा अक्षरांची कोणतीही रोमन स्ट्रिंग बारा बाइट मानून स्वीकारली जाई. रत्नागिरीकर हे आडनाव रोमन लिपीत लिहिले तर मोजून बारा अक्षरे भरतात. ते त्या तपासणीत वैध ऑब्जेक्टआयडी ठरे. साधा नंबरही चाले. पुढे बारा अक्षरी स्ट्रिंगची मुभा काढून टाकली गेली आणि मोंगूसने फक्त ऑब्जेक्टआयडी किंवा २४ हेक्स अक्षरेच मानणारे वेगळे, कडक फंक्शन दिले. जुन्या प्रकल्पांत मात्र जुनीच तपासणी अजून ठाण मांडून आहे.

त्यावर एक तोडगा तोंडोतोंडी पसरला : स्ट्रिंगपासून ऑब्जेक्टआयडी बनवा, तो पुन्हा स्ट्रिंग करा आणि दोन्ही जुळतात का पाहा. रत्नागिरीकर इथे पकडले जातात, पण मोठ्या लिपीतली हेक्स अक्षरे असलेला खराखुरा आयडीही नाकारला जातो, कारण परत येणारी स्ट्रिंग नेहमी लहान लिपीत असते. स्कीमा लायब्ररीत हे काम एका ओळीचे आहे : स्ट्रिंग हवी, नेमकी २४ अक्षरे हवीत, ती शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच हवीत, आणि बाहेर पडताना त्याचा ऑब्जेक्टआयडी झालेला हवा. जॉयमध्ये हेक्स आणि लांबीचे नियम जोडून, झॉडमध्ये रेगेक्स आणि रूपांतर जोडून हे होते.

'स्ट्रिंग हवी' ही पहिली अट दिसते क्षुल्लक, पण सर्वांत मोलाची तीच. एक्सप्रेस या नोड फ्रेमवर्कच्या चौथ्या आवृत्तीत पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या मजकुरात चौकोनी कंस लिहिले की त्याचे ऑब्जेक्ट बनते. आयडीच्या जागी 'याच्या समान नसलेला' असा अर्थ असणारे मोंगोचे चिन्ह घुसवले आणि ते तसेच क्वेरीत गेले, तर सगळ्याच नोंदी जुळतात. एक्सप्रेसच्या पाचव्या आवृत्तीने ही सवय बदलली, तरी तेच नाव दोनदा लिहिले की स्ट्रिंगऐवजी यादी येते, ही गंमत शिल्लक आहेच. जेसॉनच्या मजकुरातून तर काहीही येऊ शकते. शिवाय मोंगूसमध्ये आयडी 'अनडिफाइन्ड' असताना फाइंडवन वापरले तर ती अट गळून पडते आणि कोणतीही एक नोंद हाती येते. फाइंडबायआयडी मात्र त्याचे 'नल' करून रिकाम्या हाताने परतते. आयडी आलाच नाही, ही स्थितीही स्कीमाने ठामपणे नाकारली पाहिजे, ती यासाठी.

तपासायचे की घडवायचे

लायब्ऱ्यांकडे पाहिले तर दोन घराणी दिसतात. एजेव्ही हे पहिल्या घराण्याचे : जेसॉन स्कीमा नावाच्या सर्वमान्य नियमावलीप्रमाणे डेटा जुळतो की नाही ते सांगायचे. फास्टिफाय हा सर्व्हर मुळातच एजेव्ही वापरतो. या घराण्याचा फायदा म्हणजे तीच स्कीमा दस्तऐवजासाठी आणि दुसऱ्या भाषांतल्या सर्व्हरसाठीही चालते. मर्यादा ही की 'जुळते' एवढेच उत्तर मिळाले तर पुढच्या कोडच्या हाती अजूनही साधी स्ट्रिंगच असते.

दुसरे घराणे घडवणाऱ्यांचे. २०१९ मध्ये ॲलेक्सिस किंग यांनी एका गाजलेल्या लेखात मांडले की नुसती तपासणी करून निकाल फेकून देऊ नये. तपासणीतून अशी वस्तू घडवावी की तिच्या प्रकारातच ती तपासलेली असल्याचा पुरावा असेल. २०२० मध्ये कॉलिन मॅकडॉनेल यांनी आणलेली झॉड आणि सॅम्युएल कॉल्विन यांची पायडँटिक याच वाटेने जातात. पायथनच्या फास्टएपीआय फ्रेमवर्कमध्ये पत्त्यातल्या आयडीसमोर यूयूआयडी असा प्रकार लिहिला की फंक्शनच्या आत यूयूआयडीच पोचतो. तुटका असेल तर फंक्शन चालतच नाही, ग्राहकाला ४२२ जातो.

टाइपस्क्रिप्टमध्ये आणखी एक पाऊल टाकावे लागते, कारण तिथे दोन स्ट्रिंग म्हणजे एकच प्रकार. ग्राहकाचा आयडी ऑर्डरच्या आयडीच्या जागी दिला तरी कंपायलर काही बोलत नाही. झॉडच्या 'ब्रँड'ने प्रत्येक आयडीला वेगळी छाप मारता येते. मग ही अदलाबदल लिहितानाच अडते. ही छाप कंपाइल होताना पुसली जाते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या विनंतीतली अदलाबदल ती पकडत नाही. तिथे उपसर्गाचे आयडी कामी येतात : ग्राहकाच्या आयडीचा उपसर्ग ऑर्डरच्या स्कीमात आला की तो दारातच थांबतो.

घडवण्याच्या उत्साहात एक सापळा आहे. 'आकडा हवा' म्हणून झॉडचे सक्तीचे रूपांतर लावले तर रिकामी स्ट्रिंग शून्य होते, 'ट्रू' एक होतो. हे जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनचे जुनेच वागणे आहे. पार्सइंट तर '१२एबीसी'मधून मुकाट्याने बारा काढून देते. मायएसक्यूएलही अशीच उदार : पूर्णांकाच्या स्तंभाशी '१२एबीसी' ही स्ट्रिंग ताडली तरी बाराची नोंद जुळते. आधी आकार, मग रूपांतर, हा क्रम पाळला तर हे सगळे टळते.

किती कडक?

कडकपणा जितका जास्त तितकी सुरक्षा जास्त, हा समज आयडीच्या बाबतीत फसवा आहे. 'यूयूआयडी चौथ्या आवृत्तीचाच हवा' अशी अट अनेक स्कीमांत सवयीने लिहिलेली असते. संघ सातव्या आवृत्तीकडे वळला की त्याच दिवशी नव्या नोंदींचे आयडी आपलाच सर्व्हर नाकारू लागतो. झॉडच्या चौथ्या आवृत्तीने यूयूआयडीचा नियम मानकाप्रमाणे घट्ट केला, तेव्हा सगळे एक किंवा सगळे दोन असे हाताने लिहिलेले चाचणीचे आयडी बाद ठरू लागले, कारण त्यांच्यात व्हेरिएंट दाखवणारे बिट जागेवर नव्हते. अशांसाठी झॉडने सैल नियमाचा गाइड हा वेगळा प्रकार ठेवला आहे. पोस्टग्रेस मात्र कोणतीही ३२ हेक्स अक्षरे स्वीकारतो. संयोगचिन्हे नसली, महिरपी कंस असले, मोठी लिपी असली तरी.

यातून निघणारा नियम असा : स्कीमाने डेटाबेसमध्ये आधीच असलेला कोणताही आयडी नाकारू नये आणि डेटाबेस ज्यावर चूक फेकेल असे काहीही आत सोडू नये. या दोन हद्दींच्या मध्ये किती घट्ट राहायचे ते संघाने ठरवावे. आयडी आपण निर्माण करत असू तर घट्ट राहावे. तो दुसऱ्या कंपनीच्या सेवेकडून येत असेल तर त्याच्या आतल्या रचनेवर भिस्त ठेवू नये. लांबीची मर्यादा आणि अक्षरांचा संच एवढे पुरे.

एकच आयडी अनेक रूपांत लिहिता येत असेल तर दारातच त्याचे एक रूप ठरवून टाकावे. यूयूआयडी आणि ऑब्जेक्टआयडी लहान लिपीत आणावेत, नाहीतर कॅशमध्ये एकाच नोंदीच्या दोन प्रती बसतात. नॅनोआयडीला मात्र हा नियम लावला तर घात होतो, कारण तिथे लहान आणि मोठी लिपी म्हणजे दोन वेगळे आयडी. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये हे दोन्ही एकच मानले जातात, हे विसरले तर एकाच्या जागी दुसऱ्याची नोंद निघते.

मराठी वापरणाऱ्यांशी थेट संबंध असलेला एक मुद्दा इथे नोंदवायला हवा. पायथनच्या रेगेक्समध्ये 'अंक' या खुणेत देवनागरी अंकही येतात, आणि पायथनचे इंट फंक्शन देवनागरीतल्या १२३ चा बिनबोभाट एकशे तेवीस हा आकडा करते. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त रोमन शून्य ते नऊ मानते. एक सेवा पायथनमध्ये आणि दुसरी नोडमध्ये असेल तर एकच आयडी एकीकडे पास, दुसरीकडे नापास. जँगो या पायथन फ्रेमवर्कच्या पत्त्यातल्या इंट प्रकाराने शून्य ते नऊ असा संच उघडपणे लिहिला आहे, तसेच करावे. माणसाने भरायच्या फॉर्ममध्ये देवनागरी अंक जरूर स्वीकारावेत, यंत्रांच्या आयडीत नकोत. रेगेक्सच्या शेवटच्या खुणेकडेही लक्ष हवे : पायथनमध्ये ती शेवटी आलेली नवी ओळ खपवून घेते, रुबीत ती प्रत्येक ओळीच्या टोकाला जुळते.

नोंद आहे का, हे कोणी सांगावे?

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये व्हॅलिडेशनच्या नियमांतच 'या तक्त्यात हा आयडी असला पाहिजे' असे लिहिता येते. जँगो रेस्ट फ्रेमवर्कचे नात्याचे फील्ड थेट डेटाबेसमधून वस्तूच काढून आणते. झॉडमध्येही असिंक्रोनस नियम लिहून हे साधता येते. सोय मोठी आहे, कारण चूक दाखवणारा संदेश नेमक्या फील्डखाली उमटतो.

विरोधी पक्षाचे मुद्दे तीन. तपासणी आणि प्रत्यक्ष लिखाण यांच्या मधल्या क्षणात ती नोंद पुसली जाऊ शकते, म्हणून तपासणीवर विसंबता येत नाही. यादीत शंभर आयडी असतील आणि नियम एकेकाला लागत असेल तर शंभर क्वेऱ्या होतात. आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये फॉरेन की हे काम आधीच चोख करत असते. तिची चूक पकडून चांगल्या संदेशात बदलली की झाले. माझा कौल या बाजूला आहे, एका अपवादासह. मोंगोडीबीत फॉरेन की नाही. तिथे ही जबाबदारी कोडवर येते. पण ती स्कीमात न ठेवता लिखाणाच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवावी. स्कीमा शुद्ध राहिली तर ती डेटाबेसशिवाय तपासता येते आणि क्षणात चालते. याद्यांच्या बाबतीत स्कीमाने एक काम आवर्जून करावे : कमाल संख्या ठरवावी. पोस्टग्रेसच्या एका क्वेरीत ६५,५३५ पेक्षा जास्त पॅरामीटर जात नाहीत, आणि त्याच्या कितीतरी आधी सर्व्हर धापा टाकू लागतो.

आकार म्हणजे परवाना नव्हे

मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या घराच्या मालकीहक्काचा विमा करणाऱ्या कंपनीची गळती उघड केली. कागदपत्राच्या पत्त्यातला आकडा बदलला की लॉगिनशिवाय दुसऱ्याचे कागद दिसत होते. सुमारे ८८.५ कोटी नोंदी अशा उघड्या होत्या. त्यातला प्रत्येक आकडा आकाराने वैध होता; जगातली कोणतीही स्कीमा त्याला हरकत घेऊ शकली नसती. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये पहिला क्रमांक याच दोषाला मिळाला : वस्तूच्या पातळीवर अधिकार न तपासणे.

'आम्ही यूयूआयडी वापरतो, अंदाज कोण बांधणार?' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. आरएफसी ४१२२ नेच बजावले होते की यूयूआयडीचा अंदाज बांधणे कठीण आहे असे गृहीत धरू नये आणि त्याचा परवान्यासारखा वापर करू नये. आयडी लॉगमध्ये जातो, फॉरवर्ड केलेल्या लिंकमध्ये जातो, स्क्रीनशॉटमध्ये जातो. पिनकोड ठाऊक आहे म्हणून त्या भागातल्या कोणत्याही घरात शिरता येत नाही, तसेच हे आहे. उपाय जुनाच आणि साधा : क्वेरीत आयडीच्या जोडीला मालकाची अट घालावी. पोस्टग्रेसमध्ये ओळींच्या पातळीवरची सुरक्षा वापरून ही अट डेटाबेसकडेच सोपवता येते. लाराव्हेलच्या त्या अस्तित्वाच्या नियमातही मालकाची अट घातली नाही, तर एका ग्राहकाच्या ऑर्डरला दुसऱ्याचा पत्ता चिकटवता येतो.

उत्तराच्या क्रमांकाचा प्रश्न आता सोपा होतो. विनंतीच्या मजकुरातला आयडी आकारानेच चुकला तर ४०० किंवा ४२२, आणि कोणते फील्ड चुकले ते स्पष्ट सांगावे. पत्त्यातला आयडी चुकला तर ४०४ देणेही रास्त, कारण त्या पत्त्यावर काही असूच शकत नाही. जँगोचा यूयूआयडी प्रकार तसेच करतो. नोंद नसेल तर ४०४. नोंद आहे पण अधिकार नाही, अशा वेळी नोंद असल्याचेही कळू द्यायचे नसेल तर पुन्हा ४०४च; खाजगी रिपॉझिटरीबाबत गिटहब हेच करते. ५०० मात्र कधीच नको.

कामाच्या पातळीवर हे सगळे थोडक्यात बसते. प्रत्येक प्रकारच्या आयडीची व्याख्या एकाच फाइलमध्ये ठेवावी आणि पत्ता, मजकूर, रांगेतला संदेश अशा प्रत्येक दारावर तीच वापरावी. चाचणीसाठी खोडसाळ आयडींची एक यादी करावी : रिकामी स्ट्रिंग, एक अक्षर कमी, एक जास्त, मोठी लिपी, देवनागरी अंक, शेवटी नवी ओळ, स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट, स्ट्रिंगऐवजी यादी, कमाल मर्यादेपुढचा आकडा. आणि शेवटी एक आयडी असा, जो आकाराने निर्दोष आहे, ज्याची नोंद डेटाबेसमध्ये आहे, पण जो दुसऱ्याच ग्राहकाचा आहे. आधीच्या सगळ्या चाचण्या चांगली स्कीमा एकटी निभावून नेईल. ही शेवटची तिच्या हातची नाही, आणि ती नेमकी कुठल्या ओळीत पास होते हे संघातल्या प्रत्येकाला दाखवता आले पाहिजे.